रिझोल्यूशन कमी करू नका, स्केल वाढवा

वर विचारलंय की २७ इंची फोर-के मॉनिटरवर अक्षरं फार बारीक दिसत होती, म्हणून रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, आडवी-उभी संख्या) २५६०×१४४० केलं, तर आता सगळंच पुसट दिसतंय. मॉनिटर बदलून आणायचा सल्ला इथे दिला गेलाय, तो मला घाईचा वाटतो.

एलसीडी पॅनेलवरचे पिक्सेल पक्के बसवलेले असतात. तुमच्याकडे ते ३८४०×२१६० आहेत. त्यावर १४४० चं चित्र ताणलं की चित्रातल्या एका पिक्सेलच्या वाट्याला दोन्ही दिशांना पॅनेलचे दीड-दीड पिक्सेल येतात. अर्धा पिक्सेल उजळता येत नाही, मग शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि अक्षराची कड विरते. जुन्या डबा मॉनिटरवर हे एवढं जाणवत नसे, कारण तिथे असे ठरावीक पिक्सेलच नव्हते.

तेव्हा रिझोल्यूशन परत ३८४०×२१६० करा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि तिथे 'स्केल' (अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते) १५० टक्के. आकार साधारण आत्ताएवढाच राहील, पण अक्षरं कोरीव दिसतील. देवनागरीत तर वेलांट्या, रफार, जोडाक्षरं यांत फरक लगेच कळतो. एखादं जुनाट सॉफ्टवेअर तरीही धूसर दिसेल. तो दोष त्या सॉफ्टवेअरचा.

जाता जाता, त्याच पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेटही (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) बघून घ्या. ३० हर्ट्झ असेल तर माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. लॅपटॉपचं पोर्ट एचडीएमआय १.४ चं असेल तर फोर-केला एवढंच मिळतं. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागेल.