गणपतीत घर बंद राहणार, बिल्डिंगला वॉचमन नाही, काय काळजी घ्यावी?

कर्वेनगरकर:
गौरी-गणपतीला आम्ही सगळे आठ दिवस सावंतवाडीला चाललोय. घर कर्वेनगरमधे, जुनी तीन मजली बिल्डिंग, नऊ बिऱ्हाडं आणि त्यातली निम्मी सणाला गावी जाणार. मागच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत भरदुपारी घरफोडी झाली, कोणाला पत्ताच नाही. तेव्हापासून आई म्हणतेय मी येत नाही, घर राखते. तिला एकटीला ठेवायचं माझ्या जिवावर येतंय. कॅमेरा घेऊ की कुलूप बदलू?

तिसरा मजला:
आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी दिवाळीत झाली म्हणून सांगतो. कुलूप चांगलं जाडजूड पितळी होतं, त्याला ओरखडासुद्धा नाही, तसंच कडीत लटकत होतं आणि कोयंडाच स्क्रूसकट दारातून उपटलेला. अर्ध्या इंचाचे स्क्रू, कटावणी घातली की संपलं. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप जिन्यातूनच सांगतं की घरात कोणी नाही. आधी सुताराला बोलवा, दाराच्या आत बसणारं लॅच लॉक लावून घ्या, कोयंडा ठेवायचाच असेल तर आरपार नटबोल्टने, कॅमेऱ्याचं नंतर बघा. आणि हो, त्या रात्री शेजारच्यांच्या दारांना चोरांनी बाहेरून कड्या घातल्या होत्या, काका आवाजाने उठले पण त्यांना बाहेरच येता येईना. नंतर मजल्यावरच्या सगळ्यांनी बाहेरच्या कड्या काढूनच टाकल्या.

सहकारनगरच्या काकू:
आईंना घेऊन जा हो, घरापेक्षा माणूस मोठं. जे राहणारेत त्यांच्यात वाटून घ्या कोणी कोणाच्या दारावर लक्ष ठेवायचं. आमच्या समोरचे गावाला गेले की मी माझी रांगोळी काढून झाली की त्यांच्याही दारात काढते, संध्याकाळी आतला दिवा लावते, दिवसभर जळणारा दिवा काही कामाचा नाही. दूध-पेपर बंद करा. जिन्यात अनोळखी माणूस दिसला की "कोणाकडे आलात?" विचारायचं आणि तो नाव सांगेपर्यंत तिथून हलायचं नाही, यात भिडस्तपणा नको. गावचे फोटो मात्र परत आल्यावरच स्टेटसला टाका.

पेठेतला:
दागिने लॉकरमधे ठेवा, पावत्यांचे फोटो मोबाईलमधे. देव न करो पण दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊ नका, कपाटाला हात लावू नका, ठसे जातात, सरळ ११२ लावा. नुसता अर्ज देऊन परत येऊ नका, एफआयआरच करा, प्रत फुकट मिळते, तो हक्कच आहे. १ जुलै २०२४ पासून घरफोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ आणि घरातल्या चोरीला ३०५ आहे, दोन्ही लागलीत का वाचून बघा. विमा असेल तर ती प्रत लागतेच.

कर्वेनगरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच आमच्या दाराचे स्क्रू बघितले, दोन तर हातानेच फिरतायत. उद्या सकाळी सुतार येतोय. काकू, रांगोळीचं आईला वाचून दाखवलं, ती लगेच तळमजल्यावरच्या वहिनींकडे रांगोळीचा डबा देऊन आली आणि आता बॅग भरतेय.