लंडनमधील रोमन थडग्यावरची ‘इंडसची मुलगी’ कोण?

प्रश्न
नमस्कार. लंडनला मुलीकडे गेलो असताना ब्रिटिश म्युझियममध्ये गायस ज्यूलियस अल्पिनस क्लासिसिॲनस या रोमन अधिकाऱ्याच्या थडग्याचे दगड पाहिले. मधला भाग हरवलेला आहे, पण उरलेली अक्षरे इतकी सुबक कोरलेली आहेत की लॅटिन न येणाऱ्यालाही ती एकेक करून लावता येतात. हा गृहस्थ ब्रिटन प्रांताचा प्रॉक्युरेटर, म्हणजे महसूल आणि खजिना सांभाळणारा अधिकारी होता. त्याच्या पत्नीच्या नावाशी ‘इंडि फिलिया’, म्हणजे ‘इंडसची मुलगी’, असे शब्द वाचले आणि मी तिथेच थबकलो. या बाईंचा सिंधूशी किंवा हिंदुस्थानाशी काही संबंध होता का? आणि असे अधिकारी दूरच्या प्रांतात कुटुंबासह राहत असत का?

प्रतिसाद १
सिंधूशी संबंध नाही. ज्यूलियस इंडस हा ट्रेव्हेरी या गॉलमधल्या (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स आणि लगतचा प्रदेश) जमातीतला सरदार होता. आजच्या जर्मनीतले ट्रिअर शहर हे त्याच जमातीचे नाव सांगते. इ. स. 21 मध्ये कर्जाच्या ओझ्यामुळे गॉलमध्ये बंड झाले, तेव्हा आपल्याच जमातीच्या फ्लोरस या पुढाऱ्याविरुद्ध इंडस रोमच्या बाजूने लढला. ‘आला इंडियाना’ हे घोडदळाचे पथक त्याच्याच नावाचे. मुलीचे नाव ज्यूलिया पकाटा, आणि ‘पकाटा’ म्हणजे ‘शांत केलेली’. बंड मोडणाऱ्या बापाच्या मुलीला हे नाव असावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

कुटुंबाविषयी म्हणाल, तर त्याच इ. स. 21 मध्ये रोमच्या सिनेटपुढे असा प्रस्ताव आला होता की, प्रांतावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी पत्नीला सोबत नेऊ नये. तो फेटाळला गेला.

प्रतिसाद २
पत्नीइतकीच या माणसाची कामगिरीही लक्षात घ्यायला हवी. त्याच्या आधीचा प्रॉक्युरेटर केटस डेसिॲनस याने सम्राट क्लॉडियसने ब्रिटन सरदारांना दिलेल्या रकमा परत मागितल्या. आइसीनी जमातीच्या राजाच्या मृत्यूनंतर त्याची मालमत्ता लुटली गेली, राणी बुडिकाला फटके मारण्यात आले आणि तिच्या मुलींवर अत्याचार झाले. त्यातून पेटलेल्या बंडात कोलचेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स ही शहरे जळाली आणि डेसिॲनस गॉलमध्ये पळून गेला. त्याच्या जागी क्लासिसिॲनस आला, तेव्हा बंड मोडलेले होते, परंतु गव्हर्नर सुएटोनियस पॉलिनस सूड घेत फिरत होता आणि लोक उपासमारीने मरत होते. प्रॉक्युरेटर गव्हर्नरच्या हाताखाली नसे, थेट सम्राटाला जबाबदार असे; त्यामुळेच क्लासिसिॲनस रोमला कळवू शकला की, गव्हर्नर बदलल्याशिवाय लढाई संपणार नाही. सम्राट नीरोने चौकशीसाठी पॉलिक्लिटस या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाला पाठवले आणि पुढे पॉलिनसच्या जागी पेट्रोनियस टर्पिलिॲनसची नेमणूक झाली.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मात्र रोमन इतिहासकार टॅसिटसने तर क्लासिसिॲनसवर खासगी वैरापायी सार्वजनिक हित बिघडवल्याचा ठपका ठेवला आहे ना?

प्रतिसाद २
होय. पण टॅसिटसचा सासरा अग्रिकोला याने ब्रिटनमध्ये पॉलिनसच्याच हाताखाली उमेदवारी केली होती, हे विसरून ते वाक्य वाचू नये. जळालेल्या गावांतून आणि उपाशी माणसांकडून कर येत नाही, हे महसूल पाहणाऱ्याला सेनापतीच्या आधी कळते; शिवाय क्लासिसिॲनस स्वतः गॉल घराण्यातला असावा असे मानले जाते, आणि त्याच्या सासऱ्याने कर्जापायी उठलेले बंड जवळून पाहिले होते. त्याच्या पत्रामागे हा घरचा अनुभव असणार, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
आणखी एक गोष्ट. हे दगड पुढे लंडनच्या तटबंदीच्या बुरुजात भर म्हणून घातले गेले होते. 1852 मध्ये टॉवर हिलजवळ नावाचा तुकडा सापडला, तेव्हा हा टॅसिटसचाच क्लासिसिॲनस, हे अनेक अभ्यासकांना पटले नव्हते. 1935 मध्ये खालचा तुकडा निघाला. त्यावर त्याचा हुद्दा होता आणि पकाटाचे नाव होते.