देशांच्या सीमा: ओलांडताना, अडकताना आलेले तुमचे अनुभव लिहा

मागच्या वर्षी पॅरिसहून ॲमस्टरडॅमला रात्रीच्या बसने चाललो होतो, गाढ झोपलेलो, मोबाइल टिंग वाजला म्हणून डोळे किलकिले केले तर बेल्जियममध्ये स्वागत असल्याचा मेसेज. परत झोपलो. परत टिंग, आता नेदरलँड्स. दोन देश बदलले आणि मी घोरत होतो, ना गेट ना शिपाई ना शिक्का. आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवायचा युरोपातल्या देशांचा शेंगेन करार १९८५ चा, तपासणी प्रत्यक्षात उठली १९९५ मध्ये, आता २९ देश आहेत वगैरे सगळं वाचलेलं होतं पण डोक्यात शिरलं ते त्या टिंगमुळे. आणि याच ट्रिपच्या व्हिसासाठी आधी पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, हॉटेलची बुकिंगं, परतीचं तिकीट, इन्शुरन्स असा गठ्ठा घेऊन दोनदा चकरा मारल्या होत्या. म्हणजे एकदा आत गेलात की मोकाट, पण आत जाणं हीच खरी सीमा.

तर तुमचे अनुभव लिहा. तुमचे स्वतःचे, घरातल्यांचे, कसेही. सीमा म्हटली की राजकारण येणारच, येऊ दे, फक्त एकमेकांच्या उरावर बसू नका.

*

बेल्जियम-नेदरलँड्सचा विषय निघालाच आहे तर बार्ले सांगायलाच पाहिजे. मी नेदरलँड्समध्ये दोन वर्षं होतो, ऑफिसातला एक जण म्हणाला चल तुला सीमेचा येडेपणा दाखवतो. गाव एकच, पण त्यात बेल्जियमचे २२ तुकडे, चहूबाजूंनी नेदरलँड्स, आणि त्या तुकड्यांच्या पोटात परत नेदरलँड्सचे ७ तुकडे. फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची रांग, एका बाजूला बी, दुसऱ्या बाजूला एन एल. ती रांग मधेच एका कॅफेच्या टेबलांखालून जाते. मध्ययुगात सरदारांनी जमिनींची जी वाटणी केली ती निस्तरायचा प्रयत्न १८४३ च्या तहाच्या वेळी झाला, पण गावापाशी येऊन सगळे थकले आणि सरळ एकेका जमिनीच्या तुकड्यापुढे देश लिहून टाकला, ५ हजारांहून जास्त तुकडे होते म्हणे! आपल्याकडचा तलाठी खूश झाला असता.

घर कुठल्या देशात? तर पुढचा दरवाजा ज्या देशात उघडतो त्या. एका घराच्या बरोबर दारातूनच रेघ जाते, तर दाराच्या दोन बाजूंना दोन देशांचे दोन घरनंबर लावलेत. कर वाचवायला लोकांनी दरवाजे सरकवल्याच्या गोष्टी गावात चवीने सांगतात. मी पंधरा मिनिटं या पायावरून त्या पायावर उड्या मारत होतो, लहान पोरासारखा. २०२० मध्ये कोरोनात मात्र गंमत संपली, बेल्जियमने गरजेची नसलेली दुकानं बंद केली, नेदरलँड्सने तेव्हा केली नव्हती, तर रेघेवरच्या एका दुकानाने मधोमध पट्टी लावून अर्धं दुकान बंद ठेवलं. अर्धं चालू.

*

वरचं वाचून हसले आणि मग एकदम थांबले, कारण मी याचंच दुसरं रूप बघितलंय. २०१७ मध्ये कामानिमित्त पश्चिम बंगालच्या कूचबिहार जिल्ह्यात दीड महिना होते. तिथे छिटमहल हा शब्द पहिल्यांदा ऐकला. भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या आत, त्यांचे ५१ आपल्या आत. दहाला खागडाबाडी नावाचा एक तर भारताचा तुकडा, बांगलादेशाच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात आणि तो बांगलादेशात. पावणेदोन एकर शेत फक्त! कागदावर बघताना मजा वाटते.

पण तिथे कॅफे नव्हते ना. वीज नाही, पोलीस नाही, शाळा नाही, रेशनकार्ड नाही, कारण तुमचा देश शेताच्या पलीकडे आणि तिथे जायला मधला दुसरा देश ओलांडायचा, म्हणजे पासपोर्ट व्हिसा पाहिजे, आणि पासपोर्ट काढायला आधी तिथे जायला पाहिजे. एका बाईंनी सांगितलं, शाळेत नाव घालायला तिच्या वडिलांनी शेजारच्या भारतीय गावातल्या माणसाला विनंती केली आणि दाखल्यावर बाप म्हणून त्याचं नाव लागलं. तिच्या सगळ्या सर्टिफिकेटांवर अजून तेच आहे. सख्खा बाप कागदावर कुठेच नाही. इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे शेख मुजीब यांचा करार १९७४ चा, अदलाबदल झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री, घटनादुरुस्ती लागली त्यासाठी. त्या रात्री ६८ मेणबत्त्या लावल्या होत्या लोकांनी, स्वातंत्र्याच्या वर्षांच्या हिशोबाने. बांगलादेशातल्या आपल्या तुकड्यांतून भारतात यायचा पर्याय होता, पण हजाराच्या आतच लोक आले, बाकीच्यांनी घर आणि शेत धरून ठेवलं आणि देश बदलला. मला ते अगदी पटलं. तुम्हाला?

*

पटलं. शेत सोडून कोण जातं.

*

माझा किस्सा म्हणजे माझा मूर्खपणा आहे पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. मी डब्लिनला नोकरी करायचे. एका रविवारी मैत्रिणींबरोबर उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाऊन येऊ म्हणून बसमध्ये बसले, दीड-दोन तासाचा तर रस्ता. सीमा कधी आली कळलंच नाही, फक्त मधेच लक्षात आलं की वेगाच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलात दिसतायत. तेव्हा पोटात गोळा आला, अगं आपण यूकेत आलो की! माझ्याकडे आयर्लंडचा परवाना, यूकेचा व्हिसा नाही. तिथे सीमेवर तपासणी नाही याचा अर्थ व्हिसा लागत नाही असा नाही, आणि हे मला शिकल्यासवरल्या बाईला बसमध्ये कळलं. येताना आयर्लंडच्या हद्दीत पोलिसांनी बस थांबवली, आत चढले, आणि सगळ्या बसमधून कागद कोणाकोणाचे मागितले ते सांगायला नको, रंग बघून ओळखा. माझे आयर्लंडचे कागद बरोबर होते म्हणून सुटले, पण हात थरथरत होते.

नंतर ऑफिसमध्ये सांगितलं तर एक वयस्कर सहकारी हसला नाही. म्हणाला तुला जी रेघ दिसली नाही ना, तिथे माझ्या लहानपणी टेहळणी बुरूज होते आणि बंदूकधारी सैनिक गाडीची डिकी उघडायचे, १९९८ च्या शांतता करारानंतर ते गेलं, म्हणून तर ब्रेक्झिटच्या वेळी आम्ही एवढे घाबरलो होतो, परत गेट आलं तर नुसतं गेट येणार नाही. (भारतीयांना यूके-आयर्लंड दोन्हीकडे चालणारी एक व्हिसा योजना आहे, पण ती ठराविक व्हिजिट व्हिसांना. नीट वाचून जा.)

*

नायगारा. आम्ही सहा जण गेलेलो, सगळे अमेरिकेत नोकरीला. त्यातला एकच ग्रीन कार्डवाला, तो टुणकन पूल चालत ओलांडून कॅनडात गेला आणि आम्ही पाच जण इकडच्या कठड्याला टेकून, कारण आमच्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही. त्याने तिकडून फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, अरे धबधबा खरा इकडूनच दिसतो. चार वर्षं झाली, अजून बोलतो आम्ही त्याला.

*

नेपाळ कोणीच कसं लिहिलं नाही? मी सुनौलीहून दोनदा गेलोय. पहिल्यांदा एकटा, कमानीखालून चालत गेलो, कोणी विचारलं पण नाही, पुढे जाऊन घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, झालं. पैशाचा हिशोब पण सोपा, आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे, १९९३ पासून तोच दर. असं बिनव्हिसा जाता येतं ते १९५० च्या करारामुळे.

दुसऱ्यांदा बरोबर एक जर्मन मित्र होता. आम्ही गप्पा मारत गर्दीबरोबर पलीकडे, नेपाळच्या इमिग्रेशनला त्याने पासपोर्ट दिला तर अधिकारी म्हणतो भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का कुठाय. आता तो ऑफिसचा दरवाजा अलीकडे बाजारात दुकानांच्या रांगेत कुठेतरी, आम्ही त्याच्यासमोरून चालत आलेलो. परत मागे. म्हणजे तोवर तो बिचारा दहा मिनिटं नेपाळात विनापरवाना होता. एकच कमान, माझ्यासाठी ती उघडी आणि त्याच्यासाठी नाही, आणि युरोपात नेमकं उलटं असतं ना, तो आत आणि मी खिडकीवर. त्यालाही हे जाणवलं असावं कारण बराच वेळ गप्प होता. (स्वतःची गाडी नेणार असाल तर भन्सार, म्हणजे त्यांच्या जकातीचा कागद करावा लागतो, नाहीतर पुढे पोलीस अडवतात.)

पण उघडी सीमा म्हणजे सगळं गोड असं नाही. माझ्या टीममध्ये एक नेपाळी मुलगा होता. २०१५ च्या सप्टेंबरात त्यांची नवी घटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागात, तिथल्या मधेसी लोकांच्या पक्षांचं आंदोलन पेटलं आणि सीमेवरून ट्रक जाणं जवळपास थांबलं, पुढचे चार-पाच महिने. भूकंप होऊन जेमतेम पाच महिने झालेले. त्याची आई गॅस नाही म्हणून चूल पेटवायची, पेट्रोल काळ्या बाजारात. आमचं जेवणाच्या टेबलावर भांडण झालं, मी म्हणालो भारत सरकार तर म्हणतंय आम्ही नाकेबंदी केलेलीच नाही, तो म्हणाला आमच्याकडे एक पण माणूस यावर विश्वास ठेवत नाही. मी तेव्हा हिरीरीने वाद घातला होता. आता घातला नसता. समुद्र नसलेल्या देशाला शेजाऱ्याचा रस्ता बंद होणं म्हणजे काय ते मला नकाशा बघून कळत नव्हतं.

*

माझ्या सासूबाई पंजाबी. जन्म १९३९, गाव शकरगड तहसिलीत. तेव्हा ती गुरदासपूर जिल्ह्यात होती. रॅडक्लिफ साहेब १९४७ च्या जुलैत पहिल्यांदा भारतात आले, पाचेक आठवड्यांत रेघ मारली आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. ते दोन दिवस त्या भागातल्या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हे पक्कं माहीतच नव्हतं. मग कळलं की जिल्ह्यातल्या बाकी तीन तहसिली भारतात आणि रावीपलीकडची शकरगड तेवढी पाकिस्तानात. सासूबाई आठ वर्षांच्या. त्यांना आठवतं ते एवढंच की आईने कणीक मळलेली तशीच परातीत राहिली.

पासपोर्ट काढताना जन्मस्थानापुढे देश काय लिहायचा यावरून घरात केवढा गोंधळ! त्या म्हणायच्या पाकिस्तान लिहू नका, मी जन्मले तेव्हा नव्हताच तो. शेवटी फॉर्ममध्येच 'अविभाजित भारत' असा पर्याय निघाला. इतक्या खूश झाल्या.

तो पासपोर्ट कशासाठी, तर पाकिस्तानातल्या करतारपूरच्या गुरुद्वाऱ्यासाठी. आधी डेरा बाबा नानकला सीमेवर एक चौथरा होता, तिथून दुर्बिणीतून गुरुद्वारा बघायचा. साडेचार किलोमीटर फक्त. त्या दोनदा जाऊन दुर्बिणीतून बघून आलेल्या. ९ नोव्हेंबर २०१९ ला कॉरिडॉर उघडला आणि डिसेंबरात आम्ही त्यांना घेऊन गेलो. व्हिसा नाही, पण पासपोर्ट पाहिजे, आधी ऑनलाइन परवानगी, माणशी २० डॉलर, आणि त्याच दिवशी परत. दर्शन झालं, लंगर झाला, त्या एकदम शांत. मग तिथल्या एका सेवेकऱ्याला विचारायला लागल्या की अमुक गाव इथून किती लांब. तो म्हणाला माँजी, जवळच आहे की, गाडीने लगेच. पण आवाराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही. तो बिचारा खजील झाला, जसं काही नियम त्यानेच केलाय. सासूबाई म्हणाल्या, असू दे, दुर्बिणीतून ते पण दिसलं नसतं.

कॉरिडॉर मार्च २०२० मध्ये बंद झाला, नोव्हेंबर २०२१ ला परत उघडला, मे २०२५ मध्ये परत बंद. सासूबाई मधल्या काळात वारल्या. पासपोर्ट आम्ही ठेवलाय.

*

वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या आजीचं माहेर तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरापर्यंत चक्क पोर्तुगालमध्ये! १९५५ चा सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, मग भारताने सीमा आवळली. खाडीच्या अलीकडून पलीकडचे माड दिसायचे पण तिचे वडील गेले ते तिला बारा दिवसांनी कळलं. हल्ली लोक वीकेंडला गोव्याला निघतात तेव्हा ती नुसती बघत बसायची.

*

मी जहाजावर असतो, सेकंड इंजिनिअर. आमची सीमा म्हणजे गँगवेची, जहाजातून उतरायच्या शिडीची, शेवटची पायरी. जहाजावर झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, खलाशी आम्ही भारतीय आणि फिलिपिनो, आणि बंदर तिसऱ्याच कोणाचं. एरवी शोअर पास, म्हणजे बंदरात उतरायचा परवाना, मिळाला की चार तास फिरून येतो, काही देशांत काही पासपोर्टना तो पण मिळत नाही, त्याची सवय आहे. २०२० मध्ये मात्र सगळ्यांनीच दार लावलं. माझं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, उतरलो तेराव्या महिन्यात. जगभरात ४ लाखांच्या आसपास खलाशी असे अडकले होते, आणि तुमच्या घरी येणारा माल आम्हीच वाहत होतो.

त्यात आमच्या चीफ कुकची दाढ सुजली. ताप, गाल फुगलेला, पेनकिलर संपत आलेल्या. पहिल्या बंदराने नाही म्हटलं, दुसऱ्याने दोन दिवस ईमेल-ईमेल खेळून नाही म्हटलं, तिसऱ्याने हो म्हटलं, पण पीपीई घातलेला गार्ड बरोबर, सरळ डेंटिस्ट आणि सरळ परत. तीन तासांनी आला. गेले सात महिने आमच्यातल्या कोणाचाही पाय जमिनीला लागलेला नव्हता, त्यामुळे दाढेचं कोणी विचारलंच नाही, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, बाहेर काय होतं, काय बघितलंस? त्याच्या तोंडात कापूस. हाताने खुणा करून सांगत होता, आम्हाला कळेना, शेवटी कागद घेऊन लिहिलं, पार्किंगमध्ये झाडं होती.