लहानपणची टीम अजून तुमचीच आहे का? (बास्केटबॉल अनुभव धागा)

रिबाउंड
२०२५ च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) फायनलचा सातवा सामना ओक्लाहोमा सिटी थंडरने जिंकला, पेसर्स हरले. त्यानंतर कुठे 'पहिलं विजेतेपद' वाचायला मिळालं, कुठे 'दुसरं'. दोन्ही बरोबर. शहराचं पहिलं, फ्रँचायझीचं दुसरं. कारण १९७९ चं विजेतेपद याच फ्रँचायझीनं सिॲटलमध्ये सुपरसॉनिक्स या नावानं मिळवलेलं. ते वाचलं आणि सॉनिक्सची पेटन-केंप या जोडीची १९९६ ची टीम डोळ्यांसमोर आली. बुल्सकडून फायनल ४-२ हरलेली, पण काय टीम होती!

ज्यांना सगळा घटनाक्रम माहीत नाही त्यांच्यासाठी: २००६ मध्ये टीम ३५ कोटी डॉलर्सना ओक्लाहोमाच्या उद्योजकांच्या गटाला विकली गेली. नव्या मालकांना नवं स्टेडियम हवं होतं, त्यासाठी सार्वजनिक पैसा मिळाला नाही. जुन्या स्टेडियमचा भाडेकरार २०१० पर्यंतचा होता, म्हणून शहर कोर्टात गेलं. निकाल लागायच्या आधीच जुलै २००८ मध्ये ४.५ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली आणि टीम गेली. नाव आणि रंग मात्र सिॲटलसाठी राखून ठेवले, आणि इतिहास थंडर व भविष्यातली सिॲटलची टीम यांच्यात सामाईक.

म्हणजे खेळाडू एकीकडे, रंग दुसरीकडे आणि इतिहास अर्धा-अर्धा. तुम्ही लहानपणी ज्या टीमला आपलं म्हटलंत तिच्यातलं नेमकं काय धरून होतात, आणि ते कधी सुटलं? साल, ट्रेड (टीम्समधली खेळाडूंची देवाणघेवाण), करारातलं कलम, सगळं लिहा. तपशिलाशिवाय मजा नाही.

बेसलाइन
मस्त धागा. एक भर. निक कॉलिसन. २००३ चा ड्राफ्ट (नवे खेळाडू टीम्सनी पाळीपाळीनं निवडायचा कार्यक्रम) सिॲटलचा, टीमबरोबर ओक्लाहोमाला गेला, तिथेच निवृत्त झाला आणि त्याचा जर्सीवरचा ४ नंबर थंडरने २०१९ मध्ये निवृत्त केला (म्हणजे पुन्हा कुणाला देणार नाहीत). सॉनिक्सच्या चाहत्यांना धरून ठेवायला तेवढा एकच धागा होता. ड्युरँट सिॲटलमध्ये एकच हंगाम खेळला.

जांभळा_निळा
शार्लटची गोष्ट याच्या उलट आहे आणि ती लोकांना नीट ठाऊक नसते.

हॉर्नेट्स १९८८ ला सुरू, २००२ ला न्यू ऑर्लिन्सला गेले. २००४ ला शार्लटला नवी टीम मिळाली, बॉबकॅट्स. मग २०१३ ला न्यू ऑर्लिन्सनं स्वतःहून पेलिकन्स नाव घेतलं, त्यामुळे हॉर्नेट्स हे नाव मोकळं झालं आणि २०१४ ला शार्लटनं ते परत घेतलं. नुसतं नाव नाही, १९८८ ते २००२ चे सगळे विक्रम, आकडे शार्लटच्या खात्यावर आले. पेलिकन्सचा इतिहास आता २००२ पासून मोजतात.

पण खातं एक झालं की वाईटही आपलंच. २०११-१२ च्या बॉबकॅट्सचे ७ विजय आणि ५९ पराभव आता हॉर्नेट्सच्याच नावावर आहेत. माझ्या मते हाच व्यवहार सगळ्यात न्याय्य. इतिहास शहरात राहावा, मालकाच्या बॅगेत नाही.

वेंधळी
+१ शेवटच्या वाक्याला. बाकीचं रात्री वाचते.

उत्तरध्रुव
व्हँकुव्हर ग्रिझलीजचं कुणी बोलतच नाही! १९९५ ते २००१, सहा हंगाम. सगळ्यात चांगल्या हंगामात २३ विजय.

यामागे नियमही होता. टोरंटो रॅप्टर्स आणि ग्रिझलीज दोघांना प्रवेश देतानाच अट घातली होती की पहिली काही वर्षं ड्राफ्टमधला पहिला नंबर मिळणार नाही. १९९६ ला रॅप्टर्सची लॉटरी (ड्राफ्टचा क्रम ठरवणारी सोडत) लागली तरी पहिला पिक (निवडीची पाळी) फिलाडेल्फियाला गेला आणि त्यांनी आयव्हरसन घेतला. पुढे १९९९ ला व्हँकुव्हरनं दुसऱ्या नंबरवर स्टीव्ह फ्रान्सिस निवडला, त्यानं तिथे खेळायलाच नकार दिला, शेवटी ह्यूस्टनला ट्रेड करावा लागला. नव्या टीमचे हातपाय असे बांधल्यावर चाहता वर्ग मुळं धरणार कसा?

पिकअँडरोल
मी शहर नाही, खेळाडू धरणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो. लेब्रॉन २०१० ला क्लीव्हलंड सोडून गेला, पुढच्या हंगामात कॅव्हलिअर्स सलग २६ हरले. २०१४ ला परत आला, २०१६ ला १-३ वरून फायनल जिंकली, २०१८ ला लेकर्स. त्याच्याबरोबर टीम बदलणाऱ्यांना 'संधीसाधू' म्हणतात ते मला पटत नाही. ज्याच्यामुळे खेळ बघायला लागलो तो माणूसच निष्ठेचा पत्ता असू शकतो.

फक्त एक हिशोब माहीत असावा, म्हणजे धक्का बसत नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा. पहिली दोन पक्की, तिसरं आणि चौथं टीमच्या मर्जीवर. तिसरा हंगाम संपला की मुदतवाढ देता येते, जास्तीत जास्त पाच वर्षांची. ती झाली नाही तर चौथ्या वर्षानंतर तो 'रिस्ट्रिक्टेड' होतो: दुसऱ्या टीमनं ऑफर दिली तरी मूळ टीम तेवढीच देऊन त्याला ठेवू शकते, पण त्यासाठी आधी क्वालिफाइंग ऑफर दिलेली असावी लागते. खेळाडूला खरंच जायचं असेल तर तो ही एका वर्षाची ऑफर सही करतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळा.

म्हणून ड्राफ्ट केलेला तारा साधारण सात ते नऊ वर्षं हातात असतो. खरी काळजी सातव्या-आठव्या वर्षी.

वेंधळी
आठव्या वर्षी काय होतं?

पिकअँडरोल
ताई, तेव्हा सुपरमॅक्सचा प्रश्न येतो. सात-आठ वर्षं झालेली, आणि ऑल-एनबीए (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी), एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) किंवा सर्वोत्तम बचावपटू यांच्या अटीत बसला, तर कॅपच्या (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) ३५ टक्क्यांपर्यंत करार. पण ज्या टीमनं ड्राफ्ट केलं (किंवा रुकी करार चालू असताना ज्यांनी ट्रेडनं घेतलं) तीच हा देऊ शकते. लुका डॉन्चिचला फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं लेकर्सला दिलं तेव्हा त्याचा तो हक्कच गेला.

निळा_घोडा
त्या ट्रेडचं नाव काढलंत! २०२४ ला फायनलपर्यंत नेणारा पंचविशीतला खेळाडू, आणि बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एकच पहिल्या फेरीचा पिक. लिलाव नाही, इतर टीम्सना विचारणा नाही. अशा खेळाडूसाठी सगळीकडे शब्द टाकला असता तर पिक्सची रास मिळाली असती.

मग डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी. मार्चमध्ये टीममधल्या कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. मे महिन्यात लॉटरीत फक्त १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. पण कितीही गुणी मुलगा आला तरी ज्यांनी लुकाला १९ वर्षांचा असल्यापासून पाहिलंय त्यांची जखम त्यानं भरत नाही. दोन वेगळी खाती आहेत ती. मी लेकर्सचे सामनेही बघणार आणि मॅव्हरिक्सचेही, आणि दोघं समोरासमोर आले की लुकाच्या बाजूनं.

बेसलाइन
टोरंटोला असंच झालं होतं ना? फक्त शेवट वेगळा.

उत्तरध्रुव
हो. जुलै २०१८. डिरोझन २००९ पासून तिथे, फ्रँचायझीचा सर्वाधिक गुण करणारा, कायम राहायचं म्हणणारा. त्याला, पेल्टलला आणि एक संरक्षित (ठरावीक नंबरच्या वर लागला तर द्यावा न लागणारा) पिक सॅन अँटोनिओला देऊन क्वाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन घेतले. लेनर्ड आदल्या हंगामात फक्त ९ सामने खेळलेला आणि करारात एकच वर्ष उरलेलं. २०१९ ला विजेतेपद, पुढच्याच महिन्यात लेनर्ड क्लिपर्सला. विजेतेपदाचा आनंद खराच, आणि डिरोझन त्यात नव्हता हे दुःखही तितकंच खरं.

बेसलाइन
आणि लेनर्ड क्लिपर्सला गेल्यामुळेच थंडर आज इथे आहेत! त्याला पॉल जॉर्ज सोबत हवा होता. ओक्लाहोमानं जॉर्जच्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक्स आणि वर पिक्सच्या अदलाबदलीचे हक्क घेतले. त्यातल्याच एका पिकवर २०२२ ला बाराव्या नंबरला जेलेन विल्यम्स. रिबाउंड, तुझ्या धाग्याचं उत्तर त्या एका ट्रेडमध्ये आहे बघ.

दुसरीफेरी
पिक्सचा विषय निघालाय तर नेट्स. न्यू जर्सीहून २०१२ ला ब्रुकलिनला, आणि २०१३ ला गार्नेट-पिअर्ससाठी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे पिक्स आणि २०१७ ला अदलाबदलीचा हक्क. वर्षं नीट बघा, एक सोडून एक आहेत. स्टेपियन नियमानुसार पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक्स देता येत नाहीत. पळवाट म्हणजे मधल्या वर्षी 'अदलाबदल'. कागदावर पिक आहे, पण दोघांतला चांगला समोरचा घेणार.

२०१६ च्या पिकवर बॉस्टनला जेलेन ब्राऊन. २०१७ ची अदलाबदल थेट पहिला नंबर निघाली, तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्यावर टेटम घेतला. न्यू जर्सीपासूनच्या चाहत्याचं आधी घर गेलं, मग पाच वर्षांचं भविष्य गेलं. असा चाहता कुणाला सोडून गेला तर मी त्याला शब्दानं बोलणार नाही.

चेंडूचौदा
लॉटरीबद्दल थोडं, कारण टँकिंगमुळेही (चांगला पिक मिळावा म्हणून मुद्दाम हरत राहणं) माणसं टीम सोडतात. यंत्रात १४ चेंडू, चार काढतात, क्रम मोजत नाहीत, म्हणून १००१ जोड्या. १००० वाटल्या जातात, उरलेली एक आली तर परत काढतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही टीम्सना प्रत्येकी १४० जोड्या, म्हणजे १४ टक्के. त्याआधी सगळ्यात तळाच्या टीमला २५ टक्के मिळायचे. फक्त पहिले चार नंबर सोडतीनं, पुढचे पराभवांच्या क्रमानं, त्यामुळे तळाची टीम पाचव्याच्या खाली घसरत नाही.

फिलाडेल्फियानं १९, १८ आणि १० विजय अशी तीन वर्षं काढली ती जुन्या २५ टक्क्यांच्या काळात. ते डोळसपणे केलेलं होतं, पण ८२ सामन्यांच्या हंगामात ७२ पराभव बघायला लावणं हा चाहत्याच्या वेळेचा अपमान आहे असं मला ठामपणे वाटतं.

वेंधळी
बुल्सना डेरिक रोज मिळाला तेव्हा किती टक्के होते?

चेंडूचौदा
२००८, १.७ टक्के. २०११ ला २२ व्या वर्षी एमव्हीपी, आणि २८ एप्रिल २०१२ ला प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच सामन्यात गुडघा गेला.

वेंधळी
तो दिवस नको आठवायला :(
जॉर्डननंतर १३ विजय आणि ३७ पराभवांचा हंगाम ज्यांनी सोसला ते रोजमुळे परत आले होते. बुल्स कधी सुटणार नाहीत पण.

कोपराथ्री
जर्सीबद्दल कुणी बोलेल का? २०१७-१८ पासून घरच्या मैदानावर पांढरीच असा संकेत राहिला नाही, यजमान टीम ठरवते कुठली घालायची. सिटी एडिशन (शहरावर बेतलेली खास जर्सी) दरवर्षी नवी. टीव्ही लावल्यावर आपली टीम कुठली हे कळायला गुणफलक बघावा लागतो. लहान मुलाला रंगावरून टीम आवडते, तो रंगच दरवर्षी बदलला तर कसं चालेल.

जांभळा_निळा
अगदी. आमचा टील रंग परत आला तेव्हाच अर्धं शहर परत आलं.

स्टॉर्मगल्ली
सगळे पुरुषांच्याच टीम्सबद्दल लिहिताहेत. सिॲटल स्टॉर्म! सॉनिक्ससोबत तीही त्याच गटाला विकली गेली होती, पण २००८ ला स्थानिक महिलांच्या गटानं विकत घेऊन शहरातच ठेवली. विजेतेपदं २००४, २०१०, २०१८, २०२०, आणि स्यू बर्ड चारही वेळा टीममध्ये.

आणि ह्यूस्टन कॉमेट्स. डब्ल्यूएनबीएची (महिलांची लीग) पहिली चारही विजेतेपदं, १९९७ ते २०००. २००८ च्या शेवटी मालक मिळाला नाही म्हणून टीम बंद, खेळाडू डिस्पर्सल ड्राफ्टनं इतरांत वाटले. स्थलांतर झालं तर निदान रागवायला कुणीतरी असतं, इथे तेही नाही.

रिबाउंड
स्टॉर्मगल्ली, हे धाग्यात हवंच होतं. आभार.
एक विचारायचं होतं, सिॲटलला नवी टीम मिळाली तर खेळाडू कुठून आणतात?

दुसरीफेरी
एक्स्पान्शन ड्राफ्ट. २००४ च्या बॉबकॅट्सच्या वेळी प्रत्येक टीमला आठपर्यंत खेळाडू राखता आले, निदान एक तरी मोकळा ठेवावाच लागला, आणि एका टीमकडून एकच खेळाडू उचलता येत होता. म्हणून आठवा-नववा खेळाडू कोण, कुणाचा करार संपत आलाय, कोण तरुण आणि बाकावर बसलाय, हे बघायचं. मोठं नाव घेऊन फसायचं नाही, मोठ्या पगाराचे म्हातारे करारच बहुधा मोकळे सोडलेले असतात. बॉबकॅट्सनी सॅक्रामेंटोच्या बाकावरून जेराल्ड वॉलेस उचलला, तो २०१० ला ऑल-स्टार झाला.

कोपराथ्री
वॉलेस! बचावात जमिनीवर अंग झोकून द्यायचा. त्याच्या रिबाउंड्सवर वेगळा धागा काढा कुणीतरी.