नदीकाठच्या राज्यात दैवताने स्वतः राज्य करावे का?

मूळ मत

एका काल्पनिक राज्याचा आराखडा मनात आहे. एक मोठी नदी, तिच्या काठी सात नगरे, प्रत्येक नगराचे एक अधिष्ठाते दैवत, आणि राज्य राजाचे नव्हे, त्या दैवतांचे. असे विश्व रचणारे बहुतेक लेखक दैवताला सिंहासनावर बसवतात, बोलायला लावतात, रागवायला लावतात. माझ्या मते कथा तिथेच संपते, कारण स्वतः हुकूम सोडणारे दैवत म्हणजे नुसता न मरणारा राजा. दैवत गप्प असेल, तर त्याच्या मनात काय आहे हे दुसऱ्या कुणाला तरी सांगावे लागते, आणि तो मान कुणाचा यावर सारे राजकारण उभे राहते.

प्राचीन सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, लगश आणि उम्मा ही शेजारची नगरे गुएदिन्ना नावाच्या सुपीक पट्ट्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडत होती. इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास लगशचा राजा एन्मेतेना याने मातीच्या शंकूवर या भांडणाची हकीकत कोरून घेतली. तिची सुरुवात राजांपासून होत नाही. देवांचा प्रमुख एन्लिल याने लगशचा निन्गिर्सू आणि उम्माचा शारा या दोन दैवतांमधली हद्द आखून दिली आणि कीश नगराच्या मेसिलिम राजाने ती मोजून तिथे शिळा रोवली, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे जमीन दैवतांची, राजा फार तर कारभारी. हद्दीवरच्या कालव्याचे पाणी वळवल्याचा आरोप मात्र उम्माच्या माणसांवरच आहे.

इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती दैर अल-मदिना इथे होती. तिथे दैवत झालेल्या पहिल्या अमेनहोतेप राजाची मूर्ती खांद्यावर घेऊन फिरवत आणि तिच्यापुढे घरांचे, चोऱ्यांचे तंटे मांडत. मूर्ती पुढे सरली की होकार, मागे सरली की नकार. त्या मूर्तीखालचे खांदे कुणाचे, हा एक प्रश्न मला सात बोलक्या देवांपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रतिसाद १

मी सहमत नाही. गप्प मूर्ती आणि तिच्याआडून बोलणारा धूर्त पुजारी हा सांगाडा इतका वापरून झाला आहे, की पहिल्या पानावर कौल लागताच वाचक शेवट ओळखतो. शिवाय आपण दिलेल्या उदाहरणात लबाडी गृहीत धरली आहे. इजिप्तच्याच एका पपायरसमध्ये चोरीचा आरोप असलेला माणूस एका ठिकाणच्या अमून देवाचा कौल नाकारून दुसऱ्या ठिकाणच्या अमूनकडे दाद मागतो, आणि तिथेही तोच दोषी ठरतो. ती माणसे कौलाला न्यायालयाच्या निकालासारखे वागवत होती. त्यांना भाबडे समजून लिहिलेले राज्य वरवरचेच उतरणार.

गप्प दैवताची खरी सोय कुठे आहे ते पाहा. पूर आला की 'देव कोपला' म्हणता येते आणि देवाला कुणी जाब विचारत नाही. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात ज्याने आपल्या शेताचा बांध धड राखला नाही, आणि ज्याच्या बांधाला भगदाड पडून शेजाऱ्यांचे पीक वाहून गेले, त्याने ते धान्य भरून द्यावे. देता येत नसेल तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकून ती रक्कम नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यावी, असे कलम आहे. आता हे कलम नदीच्या दैवतालाच लावून बघा. दैवत हाडामांसाचे आहे, चावडीवर बसले आहे, आणि एक बाई पदरातले फुगून आंबलेले सातू त्याच्यापुढे ओतून विचारते, बांध तुझा की माझा? राजा असता तर त्याला बदलता आले असते. याला बदलता येत नाही आणि खोटे बोलणेही शोभत नाही. कथा मरते म्हणता, ती इथेच सुरू होते.

प्रतिसाद २

दोघेही दैवत एकच असल्यासारखे बोलत आहेत. नगरे सात आहेत, पाणी एकच आहे आणि ते वरून खाली येते. ज्याने कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती केली आहे त्याला विचारा. आपली पाळी येईपर्यंत वरच्यांनी दारे उघडलेली असतात आणि आपल्या पाटात उरतो तो ओला गाळ. सातव्या नगराचे दैवत कितीही थोर असो, त्याला पहिल्या नगराच्या दैवतापुढे हात पसरावाच लागेल. दैवत बोलते की गप्प असते यापेक्षा ते नदीच्या कोणत्या वळणावर बसले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

उर या सुमेरी नगराच्या पाडावावरच्या विलापिकांत हेच दिसते. चंद्रदेव नन्ना आपल्या नगरासाठी एन्लिलकडे रदबदली करतो आणि त्याला उत्तर मिळते की उरला राजपद दिले होते, कायमचे राज्य दिले नव्हते. अखेर दैवतालाच नगर सोडून जावे लागते. आपल्या लेकरांना वाचवू न शकणारा देव मला गप्प मूर्तीहून आणि चावडीवरच्या देवाहूनही अधिक खरा वाटतो.

मूळ लेखकाचे उत्तर

पाळीचा मुद्दा मान्य. सात नगरे आखताना वरचे कोण आणि खालचे कोण, हे मी ठरवलेच नव्हते. आता नकाशा पुन्हा काढावा लागेल.

पहिल्या प्रतिसादातली बाई मात्र मला पटूनही पटत नाही. दैवताला जाब विचारण्यासाठी त्याला बोलके करायची गरज नाही, कारण गप्प दैवताच्या नावाने माणसांनी राजालाच जाब विचारल्याचे आपल्याला ठाऊक आहे. बाबिलोनच्या अकितू या नववर्षोत्सवाच्या विधिग्रंथात तिथले मुख्य दैवत मार्दुक याचा मुख्य पुजारी राजाची राजचिन्हे काढून घेतो, त्याच्या गालावर चापट मारतो आणि त्याला गुडघ्यांवर बसवतो. आपण बाबिलोनचा नाश केला नाही, दैवताची हेळसांड केली नाही, असे राजा सांगतो. पुढे पुन्हा चापट बसते आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आले तर मार्दुक प्रसन्न आहे असे मानायचे. बाबिलोनचाच नबोनिदस राजा काही वर्षे अरबस्तानातल्या तेमा इथे जाऊन राहिला, तेव्हा हा उत्सवच झाला नाही आणि बखरकाराने ते वर्षावर्षाला नोंदवून ठेवले. सिंहासनावर मार्दुक स्वतः असता तर ती चापट कुणाला मारायची?

प्रतिसाद १, पुन्हा

मार्दुकलाच. मी ते दृश्य तसेच लिहीन. पुजारी म्हातारा आहे, त्याचा हात थरथरतो आहे, समोर दैवत बसले आहे आणि वर्षभरात सातव्या नगरापर्यंत पाणी पोचलेले नाही. डोळ्यांत पाणी आले नाही तर उत्सव पुढे जात नाही, आणि दैवताला रडता येते की नाही हे त्या दिवसापर्यंत कुणालाच, खुद्द त्यालाही, माहीत नाही. आपल्या गप्प मूर्तीकडून हे दृश्य मिळणार नाही.