साध्या, तारीखही नसलेल्या महागड्या घड्याळाची ओढ इतकी वर्षे का टिकते?

उद्यमनगरकर
नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे. आता कामाचा बराचसा भार मुलाने उचलला असल्याने, आयुष्यात एकदा तरी चावीचे एक उत्तम स्विस घड्याळ घ्यावे असे मनात आहे. पाहायला गेलो तेव्हा स्टॉपवॉचची, फिरत्या कड्याची, तीन-तीन छोट्या तबकड्यांची घड्याळे माझ्यापुढे मांडली गेली. माझी नजर मात्र पांढरी तबकडी आणि बारीक काटे एवढेच असलेल्या एका घड्याळावरून हलेना. घरच्यांचा सवाल असा, की एवढे पैसे मोजून ‘काहीच नसलेले’ घड्याळ कशाला घ्यायचे? मला नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी सांगावे, हा नुसता नावाचा महिमा आहे की त्यात खरोखर काही आहे?

भिंगवाला
घड्याळदुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. या प्रकाराचा नमुना म्हणून सहसा दाखवले जाते ते पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे कालात्रावा, संदर्भ क्रमांक ९६. ते १९३२ साली आले. जागतिक मंदीने अडचणीत आलेली ही कंपनी त्याच वर्षी स्टर्न बंधूंनी विकत घेतली, आणि हे स्टर्न मुळात तबकड्या बनवणारे कारखानदार होते, हे मला फार सूचक वाटते. सुमारे ३१ मिलिमीटर व्यासाच्या त्या गोल घड्याळात शोभेसाठी म्हणून काही जोडलेले नाही. पट्टा अडकवण्याचे कानसुद्धा कडेतूनच उतरत आल्यासारखे दिसतात.

आता काट्यांकडे पाहा. प्रत्येक काट्याच्या मधोमध, कौलारू घराच्या आढ्यासारखी, एक धार असते. त्यामुळे काट्याचा एक उतार उजळ आणि दुसरा काळा दिसतो, आणि मनगट जरा वळवले की दोघांची अदलाबदल होते. ही धार केसभर जरी वाकडी गेली, तरी रिकाम्या तबकडीवर ती लगेच डोळ्यात भरते. गजबजलेल्या तबकडीत असे दोष खपून जातात. आपण स्वतः लेथवर काम केलेले असणार; गुळगुळीत, सपाट पृष्ठभागावर टूलचा एक ओरखडा किती बोलतो, हे घरच्यांना आपणच सांगू शकाल.

जनता१७
भिंगवाल्यांच्या कारागिरीविषयीच्या म्हणण्याबद्दल आदर राखून वेगळे मत मांडतो. एचएमटीने १९६१ पासून बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवली, आणि त्यांची सतरा ज्वेलची (यंत्रातील घर्षण कमी करणाऱ्या खड्यांची) ‘जनता’ म्हणजे तीच साधी तबकडी, तीच चावी. मास्तरांपासून कारकुनांपर्यंत साऱ्यांनी ती वापरली. वेळेचेच म्हणाल तर १९६९ च्या डिसेंबरात सायकोने क्वार्ट्झचे, म्हणजे सेलवर चालणारे, मनगटी घड्याळ आणले आणि तो प्रश्न तिथेच निकालात निघाला. प्रमाणित स्विस क्रोनोमीटरलाही (अचूकतेची चाचणी पार केलेल्या घड्याळालाही) दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मुभा असते. सेलवरच्या साध्या घड्याळात एवढा फरक पडायला बरेच दिवस लागतात. सोन्याचे म्हणाल, तर अशा घड्याळाची १८ कॅरटची केस (बाहेरचे कवच) गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, वजनावर घातल्यास किमतीचा लहानसा भागच हाती येईल. हौसेला मोल नसते हे मान्य, पण मग तिला हौसच म्हणावे.

रंकाळाकाठ
जनता१७ यांचा हिशेब बरोबर आहे, मात्र त्यांच्याच उदाहरणावरून साधेपणाची बाजू बळकट होते, असे माझे मत आहे. स्वस्तात असो वा महागात, लोक त्याच रूपाकडे वळले. शिवाय ही अभिजात घड्याळे नुसती मिरवण्यासाठी जन्मली असेही नाही. १९३१ च्या रिव्हर्सो या स्विस घड्याळाची कल्पना आपल्याकडच्याच पोलोच्या मैदानावरून निघाली. खेळताना ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून तबकडी उलटी फिरवून झाकता येईल अशी केस तयार झाली. त्या कोऱ्या पाठीवर पुढे लोक नावे कोरून घेऊ लागले.

उद्यमनगरकर
सर्वांचे आभार. ओरखड्याचे उदाहरण घरी सांगितले आणि मुलाला ते पटले. सौभाग्यवतींचा विचार अजून चालू आहे. नवे घेण्यापेक्षा जुने घेतले तर बजेटमध्ये बसेल असे दिसते. त्यात काय पाहावे?

भिंगवाला
सर्वप्रथम तबकडी पाहावी. आपल्याकडे जुन्या घड्याळांच्या तबकड्या सर्रास पुन्हा रंगवलेल्या असतात, आणि साध्या घड्याळात तबकडी हेच सर्वस्व असल्याने तिथे फसगत झाली तर उरते ते फक्त यंत्र. भिंगातून अक्षरांच्या कडा तपासा. शाई पसरलेली असेल किंवा मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नसतील, तर सौदा सोडून द्यावा. माझ्या मते डागाळलेली मूळ तबकडी रंगवलेल्या चकचकीत तबकडीपेक्षा केव्हाही बरी. केस फार घासून पॉलिश केलेली असल्यास कानांच्या धारा बोथट झालेल्या दिसतात, तेही पाहावे. दर चार-पाच वर्षांनी तेलपाणी करून घ्यावे, कारण वाळलेल्या तेलावर चाललेले यंत्र आतून झिजत राहते आणि बाहेरून कळत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र जुने घड्याळ शक्यतो घरीच ठेवावे. चावी रोज ठरावीक वेळी द्यावी आणि ती अडली की तिथेच थांबावे. घेण्यापूर्वी तबकडीचा व यंत्राचा फोटो इथे टाकलात, तर पाहून सांगेन.