तीन हजार आरपीएमनंतर गाडी दम का सोडते?

कार्बोरेटरवाली जुनी गाडी तीन हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) छान ओढते, घाटात मात्र गुदमरते. प्लग आणि एअर फिल्टर नवे घातले तरी फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. कार्बोरेटर उघडण्याची घाई कृपया करू नका.

आधी इंजिन बंद ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल (कार्बोरेटरमधला हवेचा पडदा) शेवटपर्यंत उघडतो का ते बघा. केबल ताणली गेली की तो अर्ध्यावरच राहतो.

मग पेट्रोल. टाकीचं झाकण सैल करून थोडं अंतर चालवा. गाडी सुधारली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. माझ्या गाडीत दोष निघाला टाकी ते पंप या रबरी नळीत. बाहेरून धडधाकट, आतून अस्तर सुटलेलं. पेट्रोलची ओढ वाढली की नळी आतल्या आत मिटायची. दोन महिने मी उगाच जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं) साफ करत होतो! जुन्या नळ्या सरळ बदलाच.

तरीही नाही जमलं तर टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावा. आरपीएम वाढताना पुलीवरची खूण पुढे सरकली नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगना वीज वाटणारा भाग) ठिणगी लवकर पाडणारी वजनं बहुधा गंजून अडकली आहेत. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच) स्प्रिंगही तपासा.

शेवटी सायलेन्सर. व्हॅक्यूम गेज (इंजिनात हवा जाते त्या नळीतली ओढ मोजणारं मीटर) जोडून इंजिन अडीच हजारावर धरा. काटा हळूहळू उतरत गेला तर धूर बाहेर पडायला वाट नाही.

काय निघालं ते नक्की कळवा.